घरात कुरतडणारा पाहुणा : राणीच्या बागेतले गिनीपिग ते अमेरिकेचा प्रेअरी डॉग



हल्ली दवाखान्यात आई-बाबा एक नवाच प्रश्न घेऊन येतात. मुलाने मोबाईलवर कुठला तरी गुबगुबीत, दोन पायांवर उभा राहून हात जोडल्यासारखा दिसणारा प्राणी पाहिलेला असतो आणि "मला हाच पाहिजे" असा हट्ट धरलेला असतो. पालक विचारतात, "डॉक्टर, उंदरासारखा प्राणी घरात ठेवला तर काही रोगबिग होतो का?" मोबाईलवरचा तो प्राणी बहुतेक वेळा अमेरिकेचा प्रेअरी डॉग असतो. मोठ्या शहरांतल्या दुकानांत हॅमस्टर, गिनीपिग आणि पांढरे उंदीर सहज मिळतात. देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी तसे दुकान नसले, तरी सुट्टीत शहरातल्या मामाकडे गेलेले मूल येताना पिंजरा घेऊन येऊ शकते.

या प्रश्नाचे "हो" किंवा "नाही" असे एका शब्दात उत्तर देता येते, पण ते अर्धवट ठरेल. पूर्ण उत्तर इतिहासात आहे आणि त्यातला मोठा भाग आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे. म्हणून आज थोडा इतिहास सांगतो. शेवटी घरात काय करायचे तेही सांगतो.

प्रेअरी डॉग हा कुत्रा नव्हे

नावात "डॉग" असले तरी हा खारीच्या कुळातला, जमिनीत बिळे करून राहणारा प्राणी आहे. वजन साधारण एक किलोच्या आसपास. धोका दिसला की तो भुंकल्यासारखा आवाज काढतो, म्हणून हे नाव पडले. उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळरानावर, ज्याला तिकडे प्रेअरी म्हणतात, हे प्राणी शेकडो-हजारोंच्या वस्त्या करून राहतात.

माणसाने त्याला पकडून ठेवल्याची एक जुनी नोंद १८०४ ची आहे. लुईस आणि क्लार्क हे दोन अमेरिकी शोधक पश्चिमेच्या प्रवासात होते. त्यांच्या माणसांनी बिळात पिंपे भरभरून पाणी ओतले आणि एक प्राणी जिवंत धरला. आपल्याकडे शेतातला उंदीर बिळातून बाहेर काढायला पाणी ओततात, अगदी तसेच. पुढच्या वर्षी एक जिवंत प्रेअरी डॉग राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांच्याकडे भेट म्हणून पोचला.

त्या वेळी तिकडच्या माळरानावर प्लेग नव्हता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

१८९६ : मुंबईत उंदीर पडू लागले

आता आपण मुंबईला येऊ. १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये प्लेगची मोठी साथ आली आणि तिथेच अलेक्झांडर येर्सिन या संशोधकाने प्लेगचा जंतू शोधला. आज त्या जंतूला त्याच्याच नावाने येर्सिनिया पेस्टिस म्हणतात. जहाजांमधून धान्य आणि कापड जात होते, त्याबरोबर उंदीरही जात होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रुग्ण ओळखले. जांघेत किंवा काखेत मोठी दुखरी गाठ, सणसणून ताप आणि काही दिवसांत मृत्यू, असे या रोगाचे रूप होते.

पुढचा इतिहास तुम्ही शाळेत वाचला आहे. साथीच्या रोगांचा कायदा १८९७ मध्ये आला. १० जानेवारी १८९७ रोजी डॉ. हाफकिन यांनी मुंबईत स्वतः तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घराघरांत शिरून होणाऱ्या तपासणीच्या जाचातून लोकांचा संताप वाढला आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे गेली.

या सगळ्यात एका साध्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरांकडे नव्हते : हा रोग माणसाला होतो तरी कसा? कोणी म्हणे दूषित हवेने, कोणी म्हणे घाणीने, कोणी म्हणे अनवाणी चालल्याने. खेड्यातल्या माणसाला मात्र एक गोष्ट अनुभवाने कळली होती. घरात उंदीर पडू लागले, की माणसांची पाळी आलीच. म्हणून उंदीर पडले की लोक गाव सोडून मळ्यात झोपड्या घालून राहत. तुमच्या पणजी-पणजोबांच्या आठवणींत असे "गावाबाहेर राहिल्याचे" उल्लेख कदाचित तुम्हीही ऐकले असतील. तो उपाय अंधश्रद्धा नव्हता. वैद्यकशास्त्राला त्याचे कारण सापडायला मात्र काही वर्षे लागली.

राणीच्या बागेतले गिनीपिग

१८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत एक प्रयोग केला. प्लेगने आजारी, अंगावर पिसवा असलेला उंदीर त्याने एका बरणीत ठेवला. त्याच बरणीत, पण जाळीच्या पिंजऱ्यात, निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होत नव्हता, तरी काही दिवसांत निरोगी उंदीरही प्लेगने मेला. सिमाँने सांगितले, पिसू हीच वाहक. पण त्या वेळच्या मोठ्या मंडळींनी त्याचे म्हणणे मनावर घेतले नाही.

मग १९०३ च्या सुमारास मुंबईत एक घटना घडली. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे तेव्हाच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये, पिंजऱ्यातले गिनीपिग मरू लागले. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने तपासले, तर त्यांना प्लेग झालेला! गिनीपिग पिंजऱ्याबाहेर कधी गेले नव्हते. मग रोग आत आला कसा? लिस्टनला त्यांच्या अंगावर पिसवा सापडल्या आणि त्या उंदरांवर राहणाऱ्या जातीच्या होत्या.

उलगडा असा. उंदीर मेला की त्याचे शरीर थंड पडते. त्यावर जगणाऱ्या पिसवा उपाशी राहतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधू लागतात. आसपासचे उंदीर मेल्यावर त्यांना जवळ सापडले ते गिनीपिग. त्याच काळात लिस्टनने प्लेगग्रस्त वस्तीतल्या माणसांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या. त्यांतल्या जवळजवळ निम्म्या उंदराच्या पिसवा होत्या. एरवी माणसावर ती जात क्वचितच सापडे.

वाचकहो, माझ्या मते आपल्या आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. राणीच्या बागेतल्या त्या प्राण्यांनी रोग आणला नाही, त्यांना तो बाहेरच्या उंदरांकडून मिळाला. पिंजऱ्याच्या गजांनी प्राणी आत राहतो, पण पिसू अडत नाही.

परळचे प्रयोग

१९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत यावर पद्धतशीर काम सुरू झाले. पुढे १९२५ मध्ये या संस्थेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले. तिथल्या संशोधकांनी प्लेगच्या घरांत रात्रभर गिनीपिग मोकळे सोडले. सकाळी त्यांच्या अंगावर भरपूर पिसवा सापडल्या आणि त्यांतले अनेक गिनीपिग पुढे प्लेगने मेले. मग त्यांनी पिंजऱ्यांचे प्रकार बदलून पाहिले. मोठ्या छिद्रांच्या जाळीतले प्राणी मेले, पिसू शिरणार नाही इतक्या बारीक जाळीतले वाचले. जमिनीवर ठेवलेले मेले, पिसूच्या उडीच्या वर टांगलेले वाचले. हवा तीच, घर तेच, घाण तीच. फरक फक्त पिसू पोचण्या न पोचण्याचा.

पिसू रोग कसा देते, हे १९१४ मध्ये लंडनच्या बॅकट आणि मार्टिन यांनी दाखवले. प्लेगचे जंतू पिसूच्या पोटात वाढून रक्ताची वाट बुजवतात. पिसू भुकेने पुन्हापुन्हा चावते, रक्त आत जात नाही आणि ओकारीबरोबर जंतू चावलेल्या जागी जातात.

यातून सार्वजनिक आरोग्याचा एक नियम तयार झाला, तो आजही तसाच आहे : आधी पिसवा मारा, मग उंदीर. नेमके उलटे केले तर मेलेल्या उंदरांच्या उपाशी पिसवा घरभर पसरतात.

१९९४ : आपल्या शेजारचे मामला

आपल्यापैकी चाळिशी-पन्नाशीच्या लोकांना हा भाग आठवत असेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात अनेक गावांतले लोक घाबरून पक्क्या घरांबाहेर राहू लागले. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या मामला गावीही तेच झाले. रिकाम्या घरांत धान्य पडून, उंदरांना मेजवानी. त्यांची संख्या वाढली. ऑगस्ट १९९४ मध्ये गावात पिसवांचा उपद्रव सुरू झाला आणि त्यानंतर जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण दिसू लागले. सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला आणि लाखो लोक शहर सोडून पळाले. देशभरात रक्तचाचणीच्या आधारे ६९३ संशयित रुग्ण आणि ५६ मृत्यू नोंदले गेले.

मी तेव्हा वैद्यकीय शिक्षण घेत होतो. तोंडाला रुमाल बांधलेली माणसे आणि औषध दुकानांतून गायब झालेले टेट्रासायक्लिन मला चांगले आठवते. पुस्तकात "इतिहासजमा" म्हणून वाचलेला रोग शेजारच्या जिल्ह्यात येऊ शकतो, हे आमच्या पिढीने तेव्हा पाहिले.

इथेही तेच सूत्र दिसते. उंदीर गावात कायमच होते. बदलली ती माणसाची, धान्याची आणि उंदराची जवळीक.

तोच जंतू प्रेअरी डॉगच्या बिळात

मुंबईला आलेली साथ जगभर फिरत होती. १९०० मध्ये तीच लाट सॅन फ्रान्सिस्को बंदरात उतरली. शहरातला प्लेग यथावकाश आटोक्यात आला, पण जंतू शहराबाहेर पडून रानातल्या खारींमध्ये गेला आणि तिथून पुढच्या काही दशकांत पश्चिमेच्या माळरानावरच्या प्रेअरी डॉगपर्यंत पोचला. जेफरसनच्या काळात जे प्राणी या रोगापासून मुक्त होते, त्यांच्या वस्त्या आता प्लेगने ओस पडू लागल्या. वस्तीत प्लेग शिरला की दहातले नऊ प्राणी मरतात. म्हणजे मांडवीत माणसे मारणारा आणि अमेरिकेतल्या बिळांत प्रेअरी डॉग मारणारा जंतू एकाच घराण्यातला. आणि त्या प्राण्याकडे तो नेला माणसाच्या जहाजांनी.

तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रेअरी डॉग घरात पाळण्याची हौस वाढली. गाळ उपसायच्या गाडीला असतो तसा शोषक पंप लावून पिल्ले बिळातून ओढून काढत आणि व्यापाऱ्यांकडे पाठवत. २००२ मध्ये टेक्सासच्या एका व्यापाऱ्याकडचे प्रेअरी डॉग टुलारेमिया या रोगाने मरू लागले. तोवर त्यांतले काही परदेशांतही रवाना झाले होते. त्या व्यापाऱ्याकडे प्राणी हाताळणाऱ्या एका माणसालाही लागण झाली.

खरा धक्का २००३ मध्ये बसला. एप्रिलमध्ये आफ्रिकेतल्या घाना देशातून सुमारे ८०० छोटे प्राणी टेक्सासला आले. त्यांत मोठे गँबियन उंदीर, खारी आणि डॉरमाऊस नावाचे छोटे प्राणी होते. काहींना मंकीपॉक्सची, म्हणजे आज ज्याला एमपॉक्स म्हणतात त्या रोगाची, लागण झालेली होती. इलिनॉय राज्यातल्या एका व्यापाऱ्याने त्यांतले काही प्राणी प्रेअरी डॉगच्या शेजारी ठेवले. आफ्रिकेचा उंदीर आणि अमेरिकेचा प्रेअरी डॉग यांची गाठ निसर्गात कधीच पडली नसती. ती दुकानात पडली. प्रेअरी डॉग आजारी पडले आणि तसेच घराघरांत विकले गेले. विस्कॉन्सिनमधल्या एका लहान मुलीला तिच्या नव्या प्रेअरी डॉगने चावा घेतला, मग ताप आणि फोड आले. सहा राज्यांत मिळून ४७ जणांना लागण झाली. दोन मुले गंभीर आजारी होती, पण सुदैवाने कोणी दगावले नाही. आफ्रिकेबाहेर माणसांत हा रोग दिसण्याची ती पहिलीच वेळ.

हा विषाणू आपल्या "देवी"च्या विषाणूचा चुलतभाऊ. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला, त्यानंतर काही वर्षांत देवीची लस बंद झाली. तुमच्या आईवडिलांच्या दंडावर जो गोल व्रण आहे, त्या लसीमुळे या रोगापासूनही बरेच संरक्षण मिळत असे. आजच्या मुलांकडे ते नाही.

जून २००३ मध्ये अमेरिकेने प्रेअरी डॉगच्या विक्रीवर बंदी घातली, ती २००८ मध्ये उठवली. जपानने त्याआधी मार्च २००३ मध्येच आयात बंद केली होती. अलीकडे, जानेवारी २०२२ मध्ये, हाँगकाँगमध्ये परदेशातून आलेल्या हॅमस्टरांपासून माणसांना कोविड झाला आणि सुमारे २,००० प्राणी मारावे लागले. ज्या मुलांनी त्यांना जीव लावला होता त्यांच्या रडण्याचा हिशेब कुठल्या अहवालात नसतो.

मग पाळायचे की नाही?

प्रेअरी डॉगबद्दल माझे उत्तर स्पष्ट आहे : पाळू नका. परवान्याशिवाय असा प्राणी परदेशातून आणता येत नाही, म्हणजे जो कोणी स्वस्तात देऊ करेल त्याच्या प्राण्याचा प्रवास कुणालाच माहीत नसणार. शिवाय तो कळपात, बिळात, गवतावर जगणारा जीव आहे. पिंजऱ्यात एकटा ठेवून शेंगदाणे-बिस्किटे घातली तर तो लठ्ठ होतो, दातांचे विकार होतात आणि माजाच्या काळात चावरा बनतो. रानातली खार किंवा उंदराचे पिल्लू धरून आणू नका. त्यात आरोग्याचा आणि वन्यजीव कायद्याचा, दोन्ही प्रश्न येतात.

दुकानातला हॅमस्टर, गिनीपिग किंवा पांढरा उंदीर मात्र काळजी घेऊन पाळता येतो. लिस्टन आणि परळच्या प्रयोगांनी शिकवलेले नियम आपल्या घरालाही लागू पडतात :

• तो कुठून आला ते विचारा. घरगुती पैदाशीचा, एकाच जातीचे प्राणी ठेवणाऱ्याकडचा घ्या. एका पिंजऱ्यात दहा जाती कोंबलेल्या दुकानातून घेऊ नका. अंगावर जखम, नाक-डोळे वाहणे, सुस्ती असेल तर दया म्हणूनही आणू नका.

• घरच्या उंदरांशी गाठ पडू देऊ नका. धान्याची पोती, कापूस किंवा सोयाबीन ठेवलेल्या खोलीत पिंजरा नको. जमिनीवर नको, टेबलावर ठेवा. सांडलेले खाद्य रोज झाडा, कारण तेच बाहेरच्या उंदराला आमंत्रण असते.

• पिसवांवर लक्ष ठेवा. घरात मांजर-कुत्रा असेल तर पशुवैद्यकाकडून त्यांचाही पिसवांचा उपाय करून घ्या.

• पिंजरा साफ करताना लीद कोरडी झाडू नका, आधी ओली करा. नंतर साबणाने हात धुवा. स्वयंपाकघरातल्या मोरीत पिंजरा धुऊ नका.

• पाच वर्षांखालची मुले, गरोदर बाई आणि प्रतिकारशक्ती कमी असलेला रुग्ण घरात असेल तर हा प्राणी न आणणेच बरे. हॅमस्टर आणि उंदीर यांच्यापासून होणारा एलसीएम नावाचा विषाणू गर्भातल्या बाळाला इजा करू शकतो.

चावला तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे या. "रेबीजची सुई लागेल का?" हा नेहमीचा प्रश्न. उंदीर, खार, ससा यांच्या चाव्यासाठी ती क्वचितच लागते, पण तो निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.

चावल्यावर काही दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनीही, थंडी वाजून ताप, सांधेदुखी आणि अंगावर पुरळ आले तर तो "उंदीर चावल्याचा ताप" असू शकतो. त्याच्या एका जंतूचे पहिले वर्णनही मुंबईतलेच. १८८० च्या दशकात डॉ. व्हॅनडाइक कार्टर यांनी तो इथल्या उंदराच्या रक्तात पाहिला. पेनिसिलिनने हा ताप बरा होतो. आज प्लेगही वेळेवर ओळखला तर स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन किंवा डॉक्सिसायक्लिनने बरा होतो. १८९६ आणि आज यांच्यातला मोठा फरक हाच. पण औषध वेळेवर मिळण्यासाठी डॉक्टरांना संशय यायला हवा. म्हणून ताप घेऊन आलात की न विचारता सांगा : "डॉक्टर, घरात हॅमस्टर आहे" किंवा "गोठ्यात चार-पाच उंदीर मरून पडले होते."

आणि हो, घरात किंवा शेतात एकाच वेळी बरेच उंदीर कारण नसताना मेलेले दिसले, तर त्यांना हात लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा. पणजोबांच्या काळी लोक हे पाहून गाव सोडत. आज एक फोन पुरतो.

मुलाला प्राण्याची ओढ असणे चांगलेच. गणपतीच्या पायाशी बसलेल्या उंदीरमामाला आपण मोदक देणारी माणसे आहोत. फक्त घरात येणारा पाहुणा कुठून आला, वाटेत कुणाकुणाबरोबर राहिला आणि सोबत काय घेऊन आला, एवढी चौकशी करूनच त्याला आत घ्या.

काळजी घ्या, निरोगी राहा.